पाच लेप लावून झाले, आता काय लावू?

वाचकाचा प्रश्न

एका २३ वर्षांच्या तरुणीने सविस्तर पत्र पाठवले आहे. ती मूळची सातारा जिल्ह्यातली असून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात कॉट बेसिसवर राहते. गेल्या वर्षभरापासून तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर बारीक पुटकुळ्या येतात. एका वेळी आठ-दहा, त्यांतल्या दोन-तीन लाल आणि एखादी पू धरलेली. आईने हळद-साय सांगितली, मावशीने बेसन-लिंबू, मैत्रिणीने टूथपेस्ट. मोबाइलवर व्हिडिओ पाहून तिने कडुलिंबाचा पाला वाटून लावला आणि सध्या ती रोज रात्री मुलतानी माती लावते. प्रत्येक उपायाने काही दिवस बरे वाटते आणि मग पुन्हा पहिल्यासारखे होते. आता चेहरा ओढल्यासारखा वाटतो, साधे पाणी लागले तरी चुरचुरतो आणि जुन्या पुटकुळ्यांचे तपकिरी डाग दिसू लागले आहेत. आईच्या मते हा रक्तातला दोष असून काढा घ्यायला हवा. खोलीतली मैत्रीण एक मलम देऊ करते आहे, ज्याने तिचा चेहरा आठवड्यात स्वच्छ झाला. दिवाळीनंतर घरचे स्थळे पाहायला सुरुवात करणार आहेत. ती विचारते, ‘मला केमिकल वापरायचे नाही. नैसर्गिक उपायांपैकी नेमका कोणता माझ्यासाठी योग्य आहे?’

उत्तर

नमस्कार. तुम्ही केलेल्या वर्णनावरून हे सौम्य मुरूम आहेत आणि सौम्य मुरूम घरच्या घरी बऱ्याच अंशी आटोक्यात ठेवता येतात, हे आधीच सांगून टाकते. मात्र ‘नेमका कोणता उपाय’ या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. पुढचे दोन आठवडे तुम्ही कोणताच उपाय करू नये, असे मला वाटते.

तुमच्या तक्रारी नीट वेगळ्या करून पाहिल्या, तर आठ-दहा पुटकुळ्या ही मूळ तक्रार आहे. ओढल्यासारखी त्वचा, पाण्यानेही होणारी चुरचूर आणि काही प्रमाणात ते डाग ही नंतर आलेली तक्रार आहे. मुरुमांमुळे पाणी चुरचुरत नाही. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशींच्या मधोमध जे स्निग्ध आवरण असते, ते वारंवार घासून, वाळवून आणि आंबट-अल्कधर्मी पदार्थ लावून निघून गेले की पाणीसुद्धा झोंबू लागते. म्हणजे आज तुम्ही ज्या चेहऱ्यावर उपाय शोधत आहात, त्याचा निम्मा त्रास आधीच्या उपायांनी दिलेला आहे. त्यावर सहावा लेप लावला, तर तो कितीही गुणकारी असला तरी झोंबणारच.

मग प्रत्येक उपायाने काही दिवस बरे का वाटले? साधी लाल पुटकुळी बहुधा आठवडाभरात आपली आपणच बसते. ती सर्वांत जास्त सुजलेली असते, तेव्हा आपण वैतागून काहीतरी लावतो. पुढे ती बसते आणि श्रेय त्या लेपाला जाते. दरम्यान पुढच्या पुटकुळ्या आतल्या आत तयार होतच असतात. आज वर आलेल्या पुटकुळीची सुरुवात काही आठवड्यांपूर्वी, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक गाठीच्या रूपात झालेली असते. त्यामुळे कोणताही खरा उपाय कामाला आला की नाही, हे कळायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि दर आठ दिवसांनी उपाय बदलणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

रक्ताच्या दोषाबद्दलही बोलायला हवे, कारण आईचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. त्याला फार जुना आधार आहे. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, काटेसावरीच्या काट्यांसारख्या पुळ्यांचे वर्णन आहे आणि त्यांचा संबंध कफ, वायू व रक्त यांच्याशी लावलेला आहे. आज आपल्याला जे ठाऊक आहे ते असे : त्वचेतल्या तेलग्रंथी शरीरातल्या अँड्रोजेन या, पुरुषी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संप्रेरकांना प्रतिसाद देतात. हे संप्रेरक स्त्रियांच्या शरीरातही असते. तेल वाढते, केसाच्या मुळाशी असलेल्या नळीच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसते, आणि एरवी सगळ्यांच्याच त्वचेवर सुखाने नांदणारे क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जिवाणू त्या कोंडलेल्या तेलात वाढून दाह निर्माण करतात. नाकावरच्या ब्लॅकहेडचा काळा रंगही मळाचा नसतो. तो रंगद्रव्याचा आणि हवेशी संपर्क आलेल्या तेलाचा असतो. म्हणून दिवसातून पाच वेळा चेहरा धुऊन मुरूम जात नाहीत आणि त्यांचा तुमच्या स्वच्छतेशी संबंध नाही. काढ्याने ही बुचे निघत नाहीत. आईचा आयुर्वेदावर विश्वास असेल, तर तपासून औषध देणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांकडे त्यांच्यासोबत जरूर जा. पण बाजारातून सुटे आणलेले, आत काय आहे हे न लिहिलेले ‘रक्तशुद्धी’चे चूर्ण घेऊ नका.

आता तुम्ही लावलेल्या पदार्थांकडे वळते. यांतले सगळे काही टाकाऊ नाही.

लिंबू मात्र चेहऱ्यावरून कायमचे बाद करा. निरोगी त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता मोजणारा अंक, साधारण पाचच्या आसपास असतो, म्हणजे ती किंचितच आम्लधर्मी असते. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या जवळपास असतो. या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, हे लक्षात घेतले की तुमची त्वचा काय सोसत होती हे कळेल. शिवाय लिंबूवर्गीय फळांत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर राहिली आणि वर ऊन पडले, तर भाजल्यासारखी प्रतिक्रिया होऊन मागे तपकिरी चट्टे राहतात. सकाळी बेसन-लिंबू लावून, घाईत चेहरा धुऊन, उन्हातून अभ्यासिकेपर्यंत चालत जाणाऱ्या मुलीला डाग घालवण्यासाठी केलेल्या उपायानेच डाग मिळतात. बेसनाचे किंवा मसूरडाळीच्या पिठाचे दाणे पुळ्यांवर चोळले की त्या फुटतात, हे वेगळेच. टूथपेस्टने पुळी वाळते असे वाटते, पण ती दातांसाठी बनवलेली असते आणि तिच्यातल्या फेस करणाऱ्या व थंडावा देणाऱ्या द्रव्यांनी चेहऱ्यावर चट्टा उठू शकतो. तिला तिथेच सोडून देऊ.

हळदीतल्या करक्युमिनचे दाहशामक गुण प्रयोगशाळेत दिसलेले आहेत. तथापि स्वयंपाकघरातली हळद पाण्यात किंवा सायीत कालवून लावली, तर त्यातले त्वचेत फारसे उतरत नाही, पिवळेपणा मात्र उतरतो. काहींना तिची अ‍ॅलर्जीही असते आणि सुट्या हळदीत रंगाची भेसळ होते. लग्नातल्या हळदीपुरती ती ठीक आहे. साय मात्र मुरूम येणाऱ्या त्वचेला नको, कारण जिथे तेल कोंडून त्रास होतो आहे तिथे आपण वरून आणखी स्निग्धांश देतो. कडुलिंबात जंतुनाशक गुण आहेत, परंतु वाटलेल्या पाल्याचा जाड थर अर्धा-अर्धा तास ठेवल्याने आग होणे स्वाभाविक आहे. पाला पाण्यात उकळून, गाळून, गार झालेल्या पाण्याने चेहरा धुवायला हरकत नाही. त्यातून फार मोठी अपेक्षा मात्र ठेवू नका. आणि कडुलिंबाचे तेल चेहऱ्याला अजिबात नको.

मुलतानी मातीबद्दल मी थोडी पक्षपाती आहे. ती तेल शोषून घेते, स्वस्त आहे आणि तेलकट त्वचेला तिने खरोखर बरे वाटते. चूक आहे ती ‘रोज’ लावण्यात आणि बहुधा लेप पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत ठेवण्यात. तोंड हलवले की लेप चरचरतो आणि गाल ओढले जातात, त्या अवस्थेपर्यंत तुम्ही थांबत असाल, तर तोपर्यंत ती माती त्वचेतले पाणीही ओढू लागलेली असते. आपल्या परंपरेला हे ठाऊक होते. मुखलेप ओला असेपर्यंतच हितकर, वाळला की तो कांती बिघडवतो, असे शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात सांगितले आहे. व्हिडिओ बनवणाऱ्यांनी परंपरेतला लेप तेवढा घेतला आणि ही सूचना गाळली.

मधाचे नाव तुम्ही घेतलेले नाही, पण पुढचा सल्ला बहुधा त्याचाच येईल, म्हणून सांगते. न्यूझीलंडमध्ये कानुका नावाच्या झुडपाच्या वैद्यकीय दर्जाच्या मधाची मुरुमांवर पद्धतशीर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसत्या जंतुनाशक साबणापेक्षा साबणाबरोबर मध लावणाऱ्यांना अधिक फायदा झाल्याचे त्यात दिसले नाही. जखमेवर मध उपयोगी पडतो. मुरूम ही उघडी जखम नव्हे.

याउलट टी ट्री या ऑस्ट्रेलियातल्या झाडाच्या पानांपासून काढलेल्या तेलाची बाजू त्यातल्या त्यात भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये १२४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ५ टक्के टी ट्री तेलाच्या जेलची तुलना ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड या नेहमीच्या औषधाशी केली गेली. दोन्हींनी मुरूम कमी झाले. टी ट्रीचा परिणाम सावकाश दिसला, पण त्रासही कमी झाला. इथे महत्त्व त्या ५ टक्क्यांना आहे. बाटलीतले तेल थेंबाथेंबाने थेट पुळीवर लावणे म्हणजे त्या अभ्यासातल्या तीव्रतेच्या वीसपट लावणे, आणि त्याने त्वचा सोलवटते. घरी मोजमाप करत बसण्यापेक्षा तयार जेल घ्यावे.

इथेच मला तुमच्या प्रश्नातल्या एका गृहीतकाला हळूच हात घालायचा आहे. जे झाडावरून येते ते सौम्य आणि जे नळीतून येते ते कठोर, असे तुम्ही धरून चाललात, आणि तरीही तुमचा चेहरा लिंबाने, पाल्याने आणि मातीनेच चुरचुरतो आहे. मुरुमांवरच्या अनेक फेसवॉशमध्ये असणारे सॅलिसिलिक अ‍ॅसिड मुळात विलो वृक्षाच्या सालीच्या अभ्यासातून पुढे आले. फरक असा की फेसवॉशमध्ये ते किती आहे, हे नळीवर लिहिलेले असते आणि सहसा ते २ टक्क्यांच्या पुढे नसते. तुमच्या वाटीतल्या लिंबात आम्ल किती आहे, हे कोणीच मोजलेले नसते. पदार्थ कुठून आला यापेक्षा तो किती तीव्र आहे, किती वेळ राहतो आणि तुमच्या त्वचेला मानवतो का, हे विचारलेत तर निवड सोपी होईल.

प्रत्यक्षात काय करायचे ते आता सांगते. पहिले दोन आठवडे सगळे लेप बंद. सकाळी आणि रात्री, असे दोनच वेळा चेहरा सौम्य, साबणविरहित क्लीन्झरने धुवा. अंगाचा साबण वापरू नका, कारण बहुतेक साबणांचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो. पाणी गार किंवा कोमट असावे, हात बोटांच्या टोकांनी फिरवावा, टॉवेलने चोळू नये. त्यावर नॉन-कॉमेडोजेनिक, म्हणजे छिद्रे न बुजवणारा, असे लिहिलेला हलका मॉइश्चरायझर लावा. तेलकट त्वचेला त्याची गरज नसते, हा समज चुकीचा आहे. तुमच्या त्वचेला आत्ता सर्वांत जास्त गरज त्याचीच आहे. दिवसा बाहेर पडताना जेल स्वरूपातले, किमान एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन लावा. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर पुटकुळीमागचा डाग ती गेल्यानंतरही काही महिने राहतो आणि उन्हाने तो अधिक गडद होतो, म्हणून डागांवरचा पहिला उपाय सनस्क्रीन आहे.

घरचेच काही लावायचे असेल, तर या काळात कोरफड चालेल. पान कापल्यावर बुडाशी येणारा पिवळसर चीक झोंबतो. पान दहा-पंधरा मिनिटे उभे ठेवून तो निथळू द्यावा, हिरवी साल पूर्ण काढावी आणि आतला पारदर्शक गर धुऊन मगच घ्यावा. तोही आधी दोन-तीन दिवस कानामागे लावून पाहा. कोरफडीने एकटीने मुरूम जात नाहीत, पण चुरचूर शांत व्हायला तिची मदत होते.

चेहरा पाण्याने चुरचुरायचा थांबला की मग एक, फक्त एक, गोष्ट निवडा. मुलतानी माती हवी असेल तर आठवड्यातून एकदा, साध्या पाण्यात किंवा गुलाबपाण्यात, दहा मिनिटे, ओलसर असतानाच धुऊन टाकायची. ती केवळ तेलकटपणापुरती आहे, हे मनात असू द्या. मुरुमांवर उपाय म्हणून टी ट्रीचे तयार जेल किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे फेसवॉश यांपैकी एक घ्या आणि आठ आठवडे तेच चालू ठेवा. दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात एक फोटो काढून ठेवा आणि मधले दिवस आरशात पुळ्या मोजू नका. आठ आठवड्यांत पुरेसा फरक पडला नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बेंझॉइल पेरॉक्साइडचा २.५ टक्क्यांचा जेल वापरायला संकोच करू नका. ही कमी मात्राही १० टक्क्यांइतकीच उपयोगी पडते आणि जळजळ कमी होते. तो एक दिवसाआड, पातळ थराने, पुळीवर ठिपका न देता पुळ्या येणाऱ्या सगळ्या भागावर लावायचा असतो. रंगीत अभ्रे आणि टॉवेल त्याने विटतात, एवढे लक्षात ठेवा.

चेहऱ्यावर काय लावता यापेक्षा चेहऱ्याला काय लागते, याने कधी कधी अधिक फरक पडतो. तुमच्या पुटकुळ्या कपाळावर, तेही केसांच्या रेषेलगत असतील, तर मी आधी केसांच्या तेलाकडे बोट दाखवीन. रात्री डोक्यावर खोबरेल तेल थापून, घट्ट वेणी घालून झोपले की ते कपाळावर उतरते आणि अभ्र्याला लागून गालावरही येते; खोबरेल तेल छिद्रे बुजवणाऱ्यांपैकी आहे. तेल सोडायला नको, न्हाण्याआधी तासभर लावा आणि केस धुताना कपाळही धुवा. दुसरा संशय पुण्यातल्या स्कार्फवर. दुचाकीवर जाताना तोंडाला गच्च बांधलेला, घामाने भिजलेला आणि आठवडाभर न धुतलेला स्कार्फ हनुवटीला घासत राहतो. सुती घ्या, दोन-तीन ठेवा आणि आलटून पालटून रोज धुवा. पुळ्या फोडण्याबद्दल तुम्ही काही लिहिले नाही, पण पुस्तकात डोके घालून बसलेल्या माणसाची बोटे नकळत हनुवटीवर जातात. डाग आणि खड्डे यांचा सर्वांत मोठा कारखाना तिथे आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. ‘उष्ण’ किंवा तळकट पदार्थांनी मुरूम येतात, याला फारसा आधार नाही. रक्तातली साखर झपाट्याने वाढवणाऱ्या आहाराचा मात्र संबंध दिसतो. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर झालेल्या बारा आठवड्यांच्या अभ्यासात तसे पदार्थ कमी केलेल्यांचे मुरूम अधिक कमी झाले. दुधाचाही काही जणांत संबंध आढळतो. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की मेसमधल्या भाजीवरच्या तेलाच्या तवंगापेक्षा, दिवसभरातले चार कप गोड चहा आणि त्यांच्यासोबतची बिस्किटे अधिक विचार करण्यासारखी आहेत.

खोलीतल्या मैत्रिणीचे मलम लावू नका. नळीवरची बारीक अक्षरे वाचा, म्हणजे मी असे का म्हणते ते कळेल. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव असेल, तर ते स्टिरॉइड आहे. त्याने लाली चार दिवसांत बसते, चेहरा उजळही दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, बारीक लव वाढते, नव्या पुळ्यांचे पीक येते, आणि मलम थांबवले की चेहरा आगीसारखा लाल होतो, म्हणून माणूस ते पुन्हा लावतो. आपल्याकडे असे चेहरे इतके वाढले की २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला. मैत्रीण महिनोन्महिने ते लावत असेल, तर तिनेही एकाएकी न थांबवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

तुम्हाला स्वतःला डॉक्टरांकडे कधी जावे लागेल? पुळ्या खोल, दुखऱ्या गाठींसारख्या होऊ लागल्या, खड्डे पडू लागले, किंवा कपाळावर एकाच आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील तर. शेवटचा प्रकार अनेकदा बुरशीचा असतो आणि त्याचे औषध निराळे असते. हनुवटीवरच्या पुटकुळ्या पाळीच्या आधी वाढणे सामान्य आहे. मात्र पाळी अनियमित होत असेल, ३५ दिवसांहून अधिक लांबत असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएस या संप्रेरकांच्या असंतुलनाशी निगडित विकाराची तपासणी करून घ्या आणि जाताना गेल्या सहा महिन्यांतल्या पाळीच्या तारखा लिहून न्या.

राहिली दिवाळी. नव्या पुटकुळ्या तोवर बऱ्याच कमी झालेल्या असतील. डाग पूर्ण गेलेले असतीलच असे नाही, आणि ते लपवण्यासाठी ऐन वेळी पार्लरमध्ये ब्लीच किंवा फेशियल करून घेतलेत, तर आठ आठवड्यांचे काम एका दुपारी वाया जाईल. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेवा. तुमची परीक्षा आणि तुमच्या लग्नाचा विचार यांचा क्रम काय असावा, याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, म्हणून मी बोलत नाही. पण पत्राच्या शेवटच्या चार ओळींत चेहऱ्यापेक्षा त्याचीच काळजी अधिक दिसते. तो विषय आईशी वेगळा काढून बोला, मुलतानी मातीच्या निमित्ताने नको.